आधी छप्पर, मग एसी

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. वीस वर्षं आयटीत काढलेली बाई आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार, अशी धास्ती काही चेहऱ्यांवर दिसतेय. घाबरू नका. मी दगड, चुना, कौलं आणि विजेचं बिल यांच्याबद्दल बोलणार आहे. कारण जेवणानंतर आपल्याला एक निर्णय घ्यायचा आहे आणि तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर कुणी हिशेब ऐकून घेणार नाही.

निर्णय आपण बसलोय त्या सभागृहाचा आहे. बॅचतर्फे शाळेला निधी द्यायचा, हे ठरलं. तो कशावर खर्च करायचा, याचे दोन प्रस्ताव आपल्या ग्रुपवर महिनाभर फिरताहेत. पहिला : ही दगडी इमारत जुनी झाली, ती पाडून तिथे आरसीसीचं तीन हजार चौरस फुटांचं नवं सभागृह बांधायचं. दुसरा : इमारत ठेवायची, पण तिला आधुनिक करायचं. म्हणजे खाली फॉल्स सीलिंग, बंद काचेच्या खिडक्या, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि सहा एसी. दोन्ही प्रस्ताव मायेपोटी आलेत, याबद्दल मला शंका नाही. पण दोन्हींत एक रकाना रिकामा आहे. पैशांचा खर्च लिहिलाय, हवेचा, पाण्याचा आणि मातीचा लिहिलेला नाही. तो रकाना भरण्याचा हा प्रयत्न.

जुन्या इमारतीला नव्या गरजांसाठी नवी साधनं बसवणं, तिला मजबुती देणं, याला इंजिनिअर लोक रेट्रोफिटिंग म्हणतात. कोल्हापूरला हा विषय नवीन नाही. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडे केलेला आपला टाऊन हॉल १८७६ मध्ये पुरा झाला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आपण शाळेच्या सहलीत तिथेच पाहिल्या. नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला. सीपीआरच्या जुन्या दगडी इमारतीत अजून रुग्ण येतात. या इमारती टिकल्या, कारण त्या वापरात राहिल्या. त्यांच्यात दिवे आले, पंखे आले, नळ आले. बदल करूच नयेत, असं म्हणणारी मी नाही. कोणता बदल केल्याने इमारत आणि परिसर दोन्ही टिकतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता हिशेब. इथे बसलेले सिव्हिलवाले मला दुरुस्त करतीलच. आपल्याकडे आरसीसी बांधकामाचा ढोबळ ठोकताळा असा, की चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोतं आणि स्टील ४ किलो. तीन हजार चौरस फुटांना १२०० पोती, म्हणजे ६० टन सिमेंट आणि १२ टन स्टील. एक टन सिमेंट बनताना साधारण सहाशे ते आठशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक टन स्टीलमागे दोन ते अडीच टन. मधले आकडे धरले तर या दोन वस्तूंचाच भार सत्तर टनांच्या आसपास येतो. विटा, फरशी, काच, वाहतूक, पाडकाम हे अजून धरलेलंच नाही.

सत्तर टन म्हणजे किती, हे कळायला विजेचं बिल घ्या. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे सत्तर टन हे एक लाख युनिटांएवढे झाले. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराची ही चाळीस वर्षांची वीज आहे. ती आपण एका बांधकामात, एका वर्षात उडवणार.

यावर ग्रुपवर आलेलं उत्तर मला पाठ आहे : "नवीन इमारत वीज वाचवेल." वाचवू दे. पण वाचवायला इथे आहे किती? या सभागृहात बारा पंखे आणि वीस जुन्या ट्यूबलाइट आहेत. वर्षाला हजार तास चालले तर पंख्यांचे ९०० आणि दिव्यांचे ८०० युनिट, एकूण १७००. म्हणजे वर्षाला सव्वा टनापेक्षाही कमी. नव्या इमारतीचं बिल अगदी शून्य आलं, तरी ते सत्तर टन फिटायला जवळजवळ साठ वर्षं लागतील. तेव्हा आपण शंभरीला आलेले असू.

हा माझ्या एकटीच्या गणिताचा चमत्कार नाही. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने २०११ मध्ये अशाच तुलनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या, वीज वाचवणाऱ्या इमारतीला स्वतःच्या बांधकामाने केलेलं हवामानाचं नुकसान भरून काढायला, इमारतीच्या प्रकारानुसार, दहा ते ऐंशी वर्षं लागतात, असं त्यात आढळलं. आपल्या दगडी भिंतींचा खर्च आपल्या आजे-पणजांनी कधीच फेडलाय.

पाडलेल्या इमारतीचं पुढे काय होतं, तेही बघा. राडारोड्याची विल्हेवाट कशी लावायची, याचे केंद्र सरकारचे नियम २०१६ पासून आहेत. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री कुठे रिकाम्या होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ओढ्याकाठी, सखल जागी, नदीच्या बाजूला भराव म्हणून. पुराचं पाणी जिथे पसरायचं, ती जागा तेवढी कमी होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. आपल्यातल्या काहींच्या घरात तेव्हा छातीएवढं पाणी होतं. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं आणि ते कोसळतं तेव्हा एकदम कोसळतं. आपल्या सत्तर टनांनी पूर येणार नाही, हे खरं. पण प्रत्येकाचे सत्तर टन मिळूनच ही हवा तापली आहे.

म्हणून पहिल्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. दुसऱ्याकडे वळते, कारण तो दिसायला पर्यावरणाच्या बाजूचा दिसतो आणि तिथेच घोटाळा आहे. इमारत वाचवली म्हणजे सगळं भागलं, असं नसतं. चुकीचं रेट्रोफिटिंग इमारतीला हळूहळू मारतं आणि वीजही जास्त खातं.

आपल्या रसायनशास्त्राच्या सरांची माफी मागून एक उजळणी करते. चुन्याच्या निवळीत आपण नळीने फुंकर मारायचो आणि ती दुधासारखी पांढरी व्हायची, आठवतं? श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरला की चुनखडी बनते. या भिंतीतल्या दगडांना जोडणारा चुना अगदी याच पद्धतीने घट्ट झाला. चुनखडी भाजताना जो वायू उडाला, त्यातला बराचसा तो मुरताना परत घेतो. सिमेंटही थोडाफार घेतो, पण त्याच्या भट्टीला साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. चुना नऊशेच्या आसपास तयार होतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुनकळी उरते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडतो. हे गणित सरांनी आपल्याकडून फळ्यावर करून घेतलं होतं.

चुन्याची भिंत हवेला आणि ओलाव्याला वाट देते. पावसात ओल धरते, उन्हात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा रंग दिला की ओल आत कोंडते. मग लोणा येतो, पोपडे सुटतात, आतला चुना भुसभुशीत होतो आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोकं कुजतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा गिलावा, पुन्हा रंग. प्रत्येक वेळी नवं सिमेंट, नवा राडारोडा. जुन्या पद्धतीच्या चुन्यात आपले लोक गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचे. गूळ कोल्हापुरात मिळत नाही, अशी तक्रार तरी कुणी करू नये.

आता वर बघा. खरंच बघा सगळे. भिंतीच्या माथ्याजवळ जे झरोके आहेत, ते शोभेसाठी ठेवलेले नाहीत. गरम हवा वर जाते आणि तिथून बाहेर पडते, खालच्या खिडक्यांतून गार हवा आत येते. उंच छप्पर आणि जाड दगड यांचंही तसंच. दुपारचं ऊन दोन फूट जाडीच्या भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शाळा तोवर सुटलेली असते. म्हणजे इथे एक यंत्रणा आधीच चालू आहे, फक्त तिला स्विच नाही.

एसी लावायला ही जागा सगळ्यात गैरसोयीची. हवेचा घनफळाने मोठा साठा, कौलांतून फटी. म्हणून फॉल्स सीलिंग आलं. त्याने झरोके झाकले, कौलांखाली तापलेली हवा अडकली, आणि गळती व वाळवी डोळ्याआड गेली. सहा एसी उन्हाळ्यात आणि कार्यक्रमांना मिळून फक्त पाचशे तास चालले, दर एसीला तासाला सरासरी एकच युनिट लागलं, तरी ३००० युनिट होतात. म्हणजे आणखी २.१ टन. सभागृहाचा आजचा भार जवळपास तिप्पट होतो. शिवाय त्यातला वायू. हल्लीच्या एसीत आर-३२ नावाचा वायू असतो. तो एक किलो गळला, तर पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो.

याउलट तेच बारा पंखे बदलून तीस वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, ट्यूबच्या जागी वीस वॅटचे एलईडी लावले, तर वर्षाचे १७०० युनिट ७६० वर येतात. निम्म्याहून कमी. यालाही रेट्रोफिटिंगच म्हणतात. फक्त उद्घाटनाला फीत कापण्याजोगं त्यात काही नाही.

मोठ्या शहरांनीही हे केलंय. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची. २००९ नंतर तिचं रेट्रोफिटिंग झालं, तेव्हा तिच्या ६५१४ खिडक्या फेकून दिल्या नाहीत. इमारतीतच एक कार्यशाळा उघडली आणि जुन्याच काचा व चौकटी वापरून खिडक्या नव्याने जोडल्या. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचं त्यांचं उद्दिष्ट होतं. आपल्या मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं होतं. ते पाडलं नाही, दुरुस्त केलं आणि २०१६ मध्ये त्याचा पडदा पुन्हा उघडला.

आणि आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं भव्य प्रेक्षागार पाहून आले. पुढे खासबागचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढे केशवरावांच्या नावाने ओळखलं गेलं. आपली आंतरशालेय नाटकं तिथे झाली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. मी पुण्यात मोबाइलवर बघत होते आणि ग्रुपवर तासभर कुणी काही लिहिलं नव्हतं. आगीची चर्चा इथे करायची नाही. पण पर्यावरणाच्या हिशेबात ती रात्र कुठे बसते, ते सांगते. छप्पर, रंगमंच, आतलं लाकूडकाम धुरात गेलं. शंभर वर्षं त्या लाकडाने धरून ठेवलेला कार्बन एका रात्रीत हवेत गेला, आणि ते पुन्हा उभारायला लागणारं स्टील, लाकूड, सिमेंट वेगळं. दगडी भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या, म्हणून पुनर्बांधणीत निदान तेवढं तरी नव्याने घडवावं लागत नाही.

त्यातून आपल्या सभागृहासाठी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जुनं लाकूड असलेल्या इमारतीत वायरिंग, एमसीबी, अर्थिंग आणि आग विझवायची साधनं हाही पर्यावरणाचाच खर्च आहे. जे जळत नाही, ते पुन्हा बांधावं लागत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या वायरवर सहा एसींचा भार टाकण्याआधी वायरची जाडी कुणी बघितली आहे का, हे मला विचारायचं आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी. जुनं ते सगळं सोनं नसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो आपल्या आईवडिलांनी अनुभवला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. तेव्हा आपण सातवी-आठवीत होतो आणि वर्गावर्गातून मदत गोळा केली होती. म्हणून भिंती एकमेकींना बांधणारे लोखंडी पट्टे, छप्पर आणि भिंत यांची पक्की जोड, यांवर खर्च करावाच लागेल. त्याला स्टील लागेल, ते लागू दे. बारा टनांच्या जागी काहीशे किलो लागेल आणि त्याखाली मुलं सुरक्षित बसतील. आणि स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत धोकादायक ठरली, तर मी माझं भाषण मागे घेईन. मुलांच्या जिवापुढे वारसा मोठा नाही.

माझ्या कामातलं एकच उदाहरण देते. वीस-वीस वर्षं चालत आलेल्या प्रणाली आमच्याकडे सांभाळायला येतात. नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यात म्हणतात, "मॅडम, हे सगळं काढून नव्याने लिहू या." मी म्हणते, आधी तीन महिने नोंदी बघा. एखादी विचित्र दिसणारी ओळ असते, ती काढली की वर्षअखेरीच्या हिशेबात गोंधळ होतो, कारण ती त्याच एका दिवसासाठी लिहिलेली असते. वरचे झरोके म्हणजे तशाच ओळी आहेत. ज्याने ते ठेवले त्या गवंड्याचं नाव आपल्याकडे नाही, पण त्याने ते का ठेवले, हे कळल्याशिवाय बुजवायचे नाहीत.

तेव्हा माझा तिसरा प्रस्ताव. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आकड्यांत सांगते.

१. स्ट्रक्चरल ऑडिट आणि वायरिंगची तपासणी. त्याचा अहवाल येईपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही.

२. छप्पर आणि पन्हळी. फुटकी कौलं बदलायची, चांगली धुऊन परत बसवायची, वाळवी लागलेले वासे आणि रिपा तेवढ्याच बदलायच्या. पाणी आत आलं नाही, तर दगडी इमारतीचे निम्मे आजार होतच नाहीत.

३. भिंतींवर जिथे सिमेंट चढवलंय तिथलं काढून चुन्याने दरजा भरायच्या. या कामात सामानापेक्षा मजुरीचा खर्च जास्त असतो, आणि मला तो आवडतो. पैसे सिमेंटच्या ट्रकबरोबर जिल्ह्याबाहेर जाण्याऐवजी इथल्या पाथरवटाच्या, गवंड्याच्या, सुताराच्या घरी जातील. त्यांच्या हाताखाली आयटीआयची मुलं शिकली, तर आणखी चांगलं.

४. नवं वायरिंग, नवे पंखे, एलईडी, आणि बंद पडलेले झरोके उघडायचे.

५. सोलर पॅनेल हवंच असेल, तर कौलांवर ओझं नको. मागच्या नव्या इमारतीच्या सपाट स्लॅबवर लावू.

६. यानंतर एक पूर्ण उन्हाळा तापमान मोजायचं. सभागृहात चार जागी साधे तापमापक लावू, नोंदी आठवी-नववीच्या मुलांनी ठेवायच्या, त्यांचा तक्ता बनवणारा प्रोग्रॅम मी फुकट लिहून देते. त्या आकड्यांतून एसी लागतोच असं दिसलं, तर पुढच्या वर्षी दोन घेऊ. सहा नव्हे.

या सगळ्याला नव्या बांधकामापेक्षा पैसे कमी लागतील. वेळ मात्र जास्त लागेल. एखाद्याला दर महिन्याला इथे येऊन उभं राहावं लागेल. कोल्हापुरात राहणाऱ्या मित्रांनो, हे तुमच्यावर येणार, याची मला कल्पना आहे. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक पैसे पाठवून मोकळे होतो. म्हणून तपासणीच्या खर्चाचा पहिला वाटा माझा, आणि पावसाळ्याआधी छपराचं काम चालू असताना पंधरा दिवसांची रजाही माझी.

शेवटी एक विनंती. जेवायला जाताना घाई करू नका. या सभागृहात एकूण चौदा झरोके आहेत. त्यातले किती पुठ्ठे आणि वर्तमानपत्रं लावून बंद केलेत, ते प्रत्येकाने मोजा. मग हात वर करून मत द्या.